न सुटलेली कळी

॥ नवलाई देवी पाठीशी असो ॥

वरचीवाडी, ता. रत्नागिरी
दि. १० एप्रिल २०२५

चि. दर्शना हीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. बाबाही आहेत तसे आहेत. तू ठाण्यात वेळेवर जेवत असशील अशी समजूत करून घेते, कारण विचारलं की तू 'हो' म्हणतेस आणि तुझं ते 'हो' मला चांगलं ठाऊक आहे. आईने फोन सोडून कागद हातात घेतला म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं लगेच मनात आणशील. तसं आण, पण आधी शेवटपर्यंत वाच.

इकडची खबर म्हणजे आंबा यंदा उशिरा. काजू बऱ्या लागल्या. मागल्या दारचा फणस लगडलाय, तळलेले गरे शेजारच्या अक्षयाबरोबर पाठवते आहे. ती परीक्षेला तिकडे येते आहे आणि हे पत्रही तिच्याच पिशवीत आहे. ऊन मी म्हणतंय. विहीर पार खाली गेली. दरवर्षी देवरहाटीखालच्या झऱ्याचा आधार असायचा, वैशाखातसुद्धा कळशी बुडायची. यंदा चैत्रातच तिथे नुसता चिखल आहे.

आलेच बघ मी रहाटीपाशी, देवीच्या रानापाशी. टाळून टाळून किती टाळणार.

शिमग्याला पालखी घरोघर नाचली. आपल्या अंगणात आली तेव्हा ओटी मी भरली. तुझ्या नावाचं गाऱ्हाणं बाबांनी घातलं, 'लेक लांब हाय, तिची राखण कर' म्हणाले. चाकरमानी मुंबईला परतले, देवी देवळात बसली आणि लगेच मशिनं आली. गावात तरणीताठी माणसं होती तोवर एक मशीन फिरकलं नाही, त्यातलं काय ते तू समजून घे. खाडीवरच्या नव्या जेटीपासून हातखंब्याच्या हायवेपर्यंतचा रस्ता. दिल्लीची परवानगी म्हणे कुणाला कळायच्या आत झाली. आमच्याकडे रेशनकार्डावर सुनेचं नाव चढायला वर्ष जातं, आणि शेकडो वर्षांच्या झाडांचा निकाल दोन बैठकांत लागतो.

अर्धी रहाटी गेली. देवीच्या पाषाणापासून वरची अर्धी अजून उभी आहे, ती का ते पुढे सांगते.

तुला झऱ्याकडचा मोठा बेहडा आठवतो? त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाचं जोडपं बसायचं. आपण त्याला गरूड म्हणतो आणि तू शाळेतून आल्यावर मला सुधारायचीस. माघात मादी आत शिरली, ढोलीचं तोंड लिंपून घेतलं आणि नर बाहेरून तिला भरवत होता. बेहडा पडला तेव्हा ती आत होती. नर अजून येतो. चोचीत उंबर धरून येतो, जिथे ढोली होती तिथे मोकळ्या हवेत पंख मारत थांबतो आणि मग त्या पिवळ्या मशिनावर जाऊन बसतो. उंबर चोचीतच. ते पंख घरात ऐकू येतात. मी त्या वेळेला हल्ली मुद्दाम भांडी घासायला घेते.

आणखी एक सांगते, हसू नको. दिवेलागणीला वाडीत काठीचा आवाज येतो. लोक म्हणतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या राखणदाराची जागा रहाटीत होती, ती मोडली, आता तो बिचारा घरांमधून फिरतो. मनस्वीच्या सासूने अंगणात पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्यांनी ठेवला. मी आधी त्यांची टर उडवली. आता मीही ठेवते. सकाळी तांब्या काठोकाठ तसाच असतो. कुणी प्यायलं असतं तर बरं वाटलं असतं, असं होतं मला.

आता मार्गशीर्षातल्या त्या दिवसाकडे येते. तुला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू हरकतीचा अर्ज घेऊन आली होतीस, घरोघर हिंडून सह्या जमवल्या होत्यास. हरकती घ्यायचा तो शेवटचा दिवस. रस्त्याचे साहेब सड्याच्या माळावर जीप लावून बसले होते. आणि आपल्या माणसांनी नेहमीचंच केलं. म्हणाले, अर्ज द्यायचा की नाही ते देवीला विचारू. रस्ता रहाटीतून जाऊ दे काय, असा कौल गुरव म्हणून बाबांनी लावला. पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवलेल्या. उजवी आधी सुटली तर होय, डावी सुटली तर नाही, आणि कुठलीच सुटली नाही तर थांबायचं, देवी विचार करते आहे, असं बाबा तुला मांडीवर घेऊन सांगायचे. आजोबांच्या वेळी एकदा दिवसभर कळी सुटली नव्हती, तर गाव उपाशी बसून राहिलं होतं.

त्या दिवशी कुणाला थांबायचं नव्हतं. ऊन चढलं, साहेबांचे निरोपावर निरोप, आणि रघूदादा गावकर, गावचा पहिला मानकरी, येरझारा घालत होता. तुम्ही सगळे बाहेर सभामंडपात होतात. शेवटी उजवी कळी पडली. ज्यांनी सह्या केल्या होत्या तेच तुझ्याकडे सह्या परत मागायला आले. तू बोलायला उभी राहिलीस तर तुझे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "देवी बोलली. आता तू बोलू नको."

तू पिशवी उचललीस आणि गेलीस. शिमग्यालाही आली नाहीस. मी तुला बोल लावत नाही. मला तुझा राग आला नाही, त्यांचा आला होता, आणि तो मी कालवणात मीठ कमी-जास्त करून काढला. दुसरं काय करणार होते.

पाडव्याला तू फोन केलास. इतक्या महिन्यांनी 'बाबांना दे' म्हणालीस. मी फोन त्यांच्या कानाला लावला. तू 'बाबा' म्हणालीस, परत म्हणालीस. तुला फक्त त्यांचा श्वास ऐकू आला असेल. तू फोन ठेवलास. तुला वाटलं, अजून अबोला धरून बसलेत.

दर्शना, अबोला नव्हता गो. त्यांना बोलता येत नाही.

पाडव्याच्या आधीच झालं. पहाटे उठले ते तोंड वाकडं, उजवा हात लोंबता. रत्नागिरीला दवाखान्यात नेलं, जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीही येणार. तुला कळवायला मी मोबाईल हातात घेतला की ते डाव्या हाताने तो खाली दाबायचे. मी ऐकलं, कारण एवढी एकच गोष्ट ते मागत होते. गावात म्हणतात, देवीने जीभ घेतली. रघूदादा येऊन पडवीत बसतो, हळहळतो आणि चहा पिऊन जातो.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. फोनवर हे माझ्याने झालं नसतं, आणि लिहिलेलं तुझ्या उपयोगी पडेल असंही वाटलं.

झाडं पडायला लागल्यावर बाबा रोज जाऊन त्या बेहड्याच्या बुंध्यावर बसायचे. जेवायला हाक मारली तरी यायचे नाहीत. एका संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले. नर आला होता, उंबर घेऊन. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, "सगुणे, ती कळी देवीनं नाही टाकलान. मी फुंकली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. गाभाऱ्यात ते आणि रघूदादा दोघंच होते. रघूदादाने कानात सांगितलं की साहेब म्हणतात, रहाटीतून नाही तर रस्ता आपल्या वाडीतून वळवू, पहिलं घर गुरवाचं जाईल. आपलं घर. मी चुलीपाशी होते त्याच वेळी, मला काय माहीत. बाबा समई सारखी करायला वाकले आणि त्यांनी फुंकर घातली. दिव्यावर घालतात तेवढी. कळी सुटली. रघूदादाने पाहिलं आणि बाहेर येऊन आरोळी दिली.

"सरकारला घाई होती ती होती," बाबा म्हणाले, "मी देवीला घाई केली. ती अजून विचारच करत होती."

दुसऱ्या दिवशी गाव जमवून सगळ्यांसमोर सांगणार होते. मान जाईल, देवळाची शेती जाईल, गाव वाळीत टाकेल, सगळं धरून चालले होते. तुलाही आधी फोन करतो म्हणाले. रात्री नीट जेवले. आणि पहाटे उठले ते असे.

लोकांना देवीने शिक्षा केली असं वाटतं ते वाटो. मला तसं वाटत नाही. खरं बोलायला निघालेल्या माणसाचं तोंड देवी कशाला बंद करील? पण मला राग येतो तिचाही. एक दिवस थांबायचं होतं तिने.

रस्त्याच्या कागदात छापलंय की ग्रामस्थांनी देवीचा कौल घेऊन संमती दिली. अक्षयाने मला ते मोबाईलवर वाचून दाखवलं. तीच म्हणाली, तू रस्त्यासाठी गाठलेल्या वकीलबाईंनी सांगितलंय की वरच्या कोर्टात दाद मागायला अजून मुदत आहे, पण ही संमती खोटी होती असं सांगणारं गावातलं माणूस लागेल, आणि तू त्यांच्यापुढे कुणाचं नाव घेतलं नाहीस. घरी मागायला तुला लाज वाटली असणार. माझी पोर.

उरलेल्या रहाटीची तोड पाषाणामुळे थांबली आहे. पाषाण हायवेकडच्या नव्या देवळात न्यायचा, त्यासाठी पुन्हा कौल लावायचा, अक्षय्यतृतीयेला. बाबांचा हात चालत नाही म्हणून नाटे गावाहून तुझ्या चुलत्याला आणणार आहेत. गाभाऱ्यात त्याच्याबरोबर परत रघूदादाच असेल. कळी पडणार, हे आताच ठरलंय.

मी काल बाबांना विचारलं, तुमच्या वतीने मी सांगू? मला वाटलं, नको म्हणून डोळे मिटून घेतील. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि दुखेपर्यंत सोडला नाही.

तर तू ये. अक्षय्यतृतीयेच्या आधी ये. वकीलबाईंना घेऊन ये, किंवा एकटी ये. बाबा काही बोलणार नाहीत, त्याची तयारी ठेव. त्यांच्या शेजारी नुसती बस. गाव काय म्हणेल ते म्हणेल. ज्या घरासाठी त्यांनी फुंकर घातली त्या घरात रोज दिवेलागणीला आम्ही दोघं दार लावून बसतो आणि बाहेर काठी वाजते. असलं घर राखून काय करायचं?

हे पत्र कोर्टात लागलं तर तसंच दे. वर 'आईचे आशीर्वाद' आहेत ते राहू दे, खाली नाव पुरं लिहिते. वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आहे, कुणी सांगून नाही. विचारतील तिथे उभी राहून हेच सांगेन.

सगुणा काशीराम गुरव