वलांडीवर बसलेली बोट

२० नोव्हें., मंगळ.
लष्कराची बोट आली. गाड्या उतरवणारी. तोंड उघडते आणि लांब लोखंडी जीभ काढते वाळूवर, तिच्यावरून ट्रक खाली येतात. आणि जागा कुठली मिळाली मेल्यांना? माझी वलांडी! बोंबील टांगायचे सगळे बांबू काडीसारखे मोडले.
तिसरा ट्रक जिभेच्या टोकाशी चिखलात रुतला. तो निघेपर्यंत ओहोटी लागली. बसली बोट कोरडी.
बोटीवर खलाशी कोण, तर आमचे हे! याच वाळूत नागडे खेळले. तिथं पाय रुततो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी खालून ओरडले, "तोंडात बोंबील धरला होता काय? साहेबाला सांगायचं ना!"
म्हणतात, "साहेबानं विचारलं नाही."

२१, बुध.
भरती आली, बोट जागची हलली नाही. हलेल कशी? पुनवेचं उधाण सरलं. आता पाणी रोज कमी. साहेब म्हणे, "बाई, कल निकल जाएगा." मी म्हटलं, "कल नाय. अवसेला." हसला. हे पायाकडे बघत उभे. चौदा वर्षं नोकरी केली, मान वर करायला शिकले नाहीत.

२५, रवि.
दिराच्या होडीला बोंबील लागले भरपूर. घालू कुठे? जाऊ म्हणते, "भाऊजींच्या बोटीवर टांगा की, जाऊबाई!" तिची वलांडी शाबूत, तिला हसू येणारच. एक ओळ दिली तिनं वापरायला. बाकीचे कुजले, माडाच्या बुडाशी पुरले.

२९, गुरु.
बोट सरकू नये म्हणून तिच्यापासून आपल्या माडांना दोन जाड दोर ताणलेत. मी सकाळीच टोपली घेऊन गेले. दोन-दोन बोंबलांची तोंडं एकात एक अडकवली आणि दोन्ही दोर भरून टाकले. माझी जागा, माझे माड!
साहेब नाकाला रुमाल लावून बोंबलला. ह्यांना हुकूम, काढ सगळे. मी म्हटलं, "हात लावा, मग बघते घरी कसे येता."
काढले. एकेक करून. एकही वाळूत पडू दिला नाही, टोपलीत नीट रचून दिले. वर म्हणतात, "हुकूम आहे गं."
हुकूम! घरातला तांदूळ हुकुमावर शिजतो काय?

४ डिसें., मंगळ.
अवस झाली, उधाण आलं, बोट उठली. सांगितलं होतंच मी. साहेब जाताना काय म्हणाला? "जगह अच्छी है. पूनम को फिर आएँगे." सराव करायचाय म्हणे. दर पुनवेला!
ह्यांना एवढंच म्हटलं, "आता तरी बोला."
बोट मागं सरकताना दिसलं, हे साहेबाच्या शेजारी गेले. किनाऱ्याकडे हात करून काहीतरी म्हणाले. बराच वेळ. साहेब ऐकत होता की नुसता उभा होता, कळलं नाही. त्या मेल्या इंजिनाच्या आवाजात ऐकू काही येईना.
दुपारी नवे बांबू पुरले. त्याच जागी. पुनव तेरा दिवसांवर.