अकराव्या रकान्यातले नातेवाईक

४ मार्च
शेवाळांच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाकडून पत्र. माझं पोस्टर स्वीकारलं! विषय: कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवरचं शेवाळ, नोकरीभर ठेवलेल्या नोंदी. जूनमध्ये, परदेशात. लेक राहते त्याच शहरात आहे, पण हा निव्वळ योगायोग.
ताई म्हणाली, इतकी वर्षं या संस्थेची पत्रं रद्दीत गेली, याच वर्षी बरं शेवाळ आठवलं. ताई माझ्याकडे राहायला आल्यापासून घरात वैज्ञानिक वातावरण उरलेलं नाही.

११ मार्च
ठरलं. हॉटेलात राहायचं. लेकीला कळवायचं नाही. ती तिथे फुलांच्या दुकानात काम करते. बॉटनीत एम.एस्सी., पहिला वर्ग, पीएच.डी. अर्ध्यावर टाकली, आणि आता गुच्छ बांधते. त्यावरून आमचं भांडण वगैरे काही नाही. ती बिझी असते. वाढदिवसाला मेसेज येतो, मी थँक यू पाठवते.
ताईशी मात्र दर रविवारी तासभर बोलते. बोलू दे. मी तेव्हा गॅलरीत असते. गॅलरीतून तसं सगळं ऐकू येतं, तो माझा दोष नाही.

२० मार्च
व्हिसाचा फोटो काढला. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसले पाहिजेत. फोटोग्राफर म्हणाला, मावशी, हसू नका. मी हसत नव्हते.

२ एप्रिल
एजंटकडे गेले. बँकेचे कागद, घराचे कागद, पेन्शनचे कागद, आमंत्रणाचं पत्र, परतीचं तिकीट. तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, परत न यायला मला काय झालंय, टाकी इथे आहे.
त्याने आधी घरी हाताने फॉर्म भरून आणायला सांगितलं आहे. हाताने भरलेलाच पुढे जातो. एक गोष्ट हळू आवाजात सांगितली. जवळचं माणूस तिथे असलं की साहेब लोक संशय घेतात, तिथेच राहून जातील म्हणून. पण खरं तेच लिहा, मॅडम.
खरं तेच लिहिणार. कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे.

५ एप्रिल, दुपार
फॉर्म भरला. अकरावा रकाना: तिथे राहणारे नातेवाईक. नाव, नातं, पत्ता.
पत्ता मला माहीत नाही. मागच्या वर्षी तिने घर बदललं. ताईला माहीत आहे, पण ताईला विचारायचं म्हणजे तिच्या तोंडावरचं ते हसू बघायचं. रकाना रिकामा ठेवावा असं वाटलं. पण आमच्या शाळेतल्या मदर सुपीरियर म्हणायच्या, फॉर्ममध्ये रिकामी जागा सोडणं हा आळस आहे. अजून डोळ्यांसमोर दिसतात, फळ्याजवळ उभ्या, बाहीला खडू.
NONE लिहिलं. ब्लॉक लेटर्समध्ये. असा सुबक N आता कुणाला काढता येत नाही.
यात खोटं काही नाही. मी कामासाठी चालले आहे, आणि कामाच्या दृष्टीने तिथे माझं कोणी नाही.

२३ एप्रिल
व्हिसाच्या ऑफिसात कागद दिले, बोटांचे ठसे दिले. पोस्टर घेऊन गेले होते. लांबच्या लांब नळी, बसमध्ये दोघांना लागली. दारातला सिक्युरिटीवाला म्हणाला, यात काय आहे? मी म्हटलं, शेवाळ. त्याने नळी बाहेर ठेवून घेतली. आत कुणीही पोस्टर बघायला मागितलं नाही.

९ मे
बॅग भरायला घेतली. जुनं भिंगही टाकलं, निळ्या दोरीचं. लेक तिसरीत असताना ते गळ्यात घालून टाकीवर चढायची, आणि एकदा रडली होती, शेवाळाला फूल का नाही म्हणून. दोरी बदलली नाही, वेळ झाला नाही. पोस्टरसमोर लोकांना दाखवायला भिंग लागतंच.
ताई आजकाल उगाच खूश असते. मी दिसले की फोन खाली ठेवते. विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय, तू आपली शेवाळ बघ.

२७ मे
व्हिसा नाकारला.
एजंटने पत्र वाचून दाखवलं. मी स्वतःही वाचलं, इंग्रजी स्वच्छ होतं. अर्जदार लिहितात, या देशात नातेवाईक नाहीत. परंतु येथील एका महिलेचं पत्र आमच्याकडे आलं आहे. अर्जदार आपली आई आहे, ती आपल्याकडे राहील, तिचा सगळा खर्च आपण करू, असं त्या म्हणतात. सबब अर्जातल्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही.
एजंटने पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली. मग म्हणाला, मॅडम, एक शब्द विचारायचा होता हो मला.
ताई घरी रडली. तिने आणि लेकीने मिळून ठरवलं होतं म्हणे. मला सरप्राइज द्यायचं होतं. लेकीने खोली रंगवून घेतली होती.
सरप्राइज या प्रकाराविरुद्ध मी पहिल्यापासून आहे.

३१ मे, रविवार
लेकीचा फोन ताईला. नकाराचं पत्र तिलाही गेलं होतं. मी गॅलरीत होते. ताईने फोनवर हात ठेवून मला विचारलं, ती विचारतेय, ते टाइप केलं होतं की हाताने लिहिलं होतं?
मी म्हटलं, हाताने. ब्लॉक लेटर्समध्ये.
ताई माझ्याकडे बघत राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "हाताने गं, बाळा."
फोन लगेच बंद झाला. एरवी तासभर चालतं.

३ जून
व्हिसाच्या ऑफिसला खुलासा लिहिला. NONE हा शब्द केवळ शास्त्रीय संदर्भात वापरला होता, वगैरे. चार मसुदे झाले. चौथा उत्तम आहे. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे त्यांना कशाला पाठवतेस, तिला पाठव.
तिला काय पाठवायचं? तिला इंग्रजी येतं, पण ती बिझी असते.

९ जून
ऑफिसचं उत्तर आलं. आपला मेल मिळाला. या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

१८ जून
आज माझं पोस्टर लागायचं होतं. सकाळपासून गॅलरीतल्या कुंड्या पुसल्या.
चारला लेकीचा मेसेज. वाढदिवस नसताना. मजकूर नाही, नुसता फोटो. मोठा हॉल, ओळीने पोस्टरं, मधे एक कोरा बोर्ड. वर माझं नाव, स्पेलिंग बरोबर. फोटो थोडा हलला आहे.
बोर्डाखाली टेबलावर फुलं आहेत. पांढरी, मोठा गुच्छ. आयोजकांनी सगळीकडे ठेवली असतील. शेजारच्या टेबलांवर दिसत नाहीत. संपली असतील.
भिंग काढून बघितलं. गुच्छ खाली ओल्या शेवाळात बसवला आहे. बांधणी चांगली आहे. इतकी चांगली बांधणी येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
उत्तर लिहिलं: फोटो मिळाला. बोर्डाची जागा बरी आहे. थँक यू.
पाठवल्यावर ताईला वाचून दाखवलं. ताई उठून आत गेली.

२ जुलै
रविवार नसताना ताईला फोन आला. लेकीने ती खोली भाड्याने दिली. कुणी विद्यार्थिनी आहे. स्वच्छ राहते म्हणे. चांगलं झालं.

१० जुलै
संस्थेचं पत्र आलं. पुढचं अधिवेशन दुसऱ्याच देशात, पार दुसऱ्या टोकाला. पोस्टर तयारच आहे, कपाटामागे नळीत उभं आहे. एजंट म्हणाला, मॅडम, या वेळी काही अडचण नाही, तिथे तर तुमचं कोणीच नाही. चांगला माणूस आहे, धीर द्यायला म्हणाला.
फॉर्म आणला. दहा रकाने भरले. अकरावा तोच. या वेळी NONE लिहिलं तर अगदी खरं.
संध्याकाळपासून पेन घेऊन बसले आहे. जागा अजून रिकामीच आहे.