छत खाली येणारी खोली

बाबा, परवा मी तुमची खाण उन्हात पाहिली. जमिनीखालची, जिथं तुम्ही मला कधी नेलं नाही आणि मनात आणलं असतं तरी नेता आलं नसतं, तीच. आता तिथं ओपनकास्ट झाली आहे. वरची माती उपसत मशिनी खोल खोल गेल्या आणि शेवटी तुमच्या जुन्या खाणीला जाऊन भिडल्या. तुमच्या शिफ्टमधले एक काका बल्लारपूरच्या बाजारात भेटले. त्यांनीच विषय काढला आणि स्कूटरच्या मागं बसवून मला मातीच्या ढिगाऱ्याकडच्या रस्त्यानं घेऊन गेले. कुंपणाच्या तारेजवळ उभं राहून खाली पाहिलं तर समोर कोळशाची उभी भिंत, आणि तिच्यात एका ओळीनं चौकोनी काळी तोंडं. खालच्या वाटा मधूनच कापल्या जाऊन उघड्या पडलेल्या. काकांनी बोट केलं. "थे तिसरं दिसते ना, तिकून जाये तुहा बाप," म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "कदी भेला नाई तुहा बाप. येवढा मोठा अपघात झाला, तरी लगेच खाली उतरला थो." मी त्या तिसऱ्या तोंडाकडे पाहत राहिले. ऊन थोडंसंच आत गेलं होतं, पुढं काही दिसत नव्हतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मी सावली गावच्या शाळेत शिकवते, हे तुम्हाला माहीत नाही. नोकरी तुमच्यानंतर लागली. सध्या सुट्ट्या आहेत आणि चंद्रपूरच्या या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. मी घरातल्या घरात फिरते. फ्रीज उघडते आणि काही न घेता बंद करते, कूलरमध्ये पाणी भरलेलं असताना पुन्हा पाहून येते. पुस्तक उघडलं की एकाच पानावर अडकते. काल अशीच उठबस करता करता लॅपटॉप उघडला आणि आपला तो गेम शोधला. नाव तुम्हाला कधीच नीट म्हणता आलं नाही, तुम्ही त्याला 'चांदावरचा' म्हणायचात. तो मिळाला, बाबा. कंपनीनं चित्रं घासूनपुसून नव्यानं विकायला काढलाय, आणि जुनी चित्रं हवी असतील तर त्याचंही बटण ठेवलंय. मी जुनी लावली. ती पहिली लांब वाट आली, भिंतीवरचे हिरवे दिवे आले, बंदूक धरलेला हात आला. आणि मी तिथंच उभी. मला चालता येईना.

चालणं तुमच्याकडे होतं ना! खाणीच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर लिलावात निघाले होते आणि त्यातला एक तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर बांधून क्वार्टरवर आणला होता. गेम त्यात आधीपासूनच होता, कुण्या क्लार्कनं टाकून ठेवलेला. मी सातवीत होते. फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही यायचात, अंघोळ, चहा, आणि मग लोखंडी स्टूल ओढून माझ्या बाजूला बसायचात. तुमची बोटं जाड, नखांच्या कडेला धुऊनही न गेलेली काळी रेघ. माऊस तुमच्या हातात मावायचा नाही, म्हणून पहिल्याच दिवशी वाटणी झाली. "चालाचं काम माह्यं, माराचं तुह्यं," तुम्ही म्हणालात. बाणांची चार बटणं आणि दार उघडायचं बटण तुमच्याकडे, पाहणं आणि गोळी झाडणं माझ्याकडे. एकच शिपाई, त्याचे पाय तुमचे आणि डोळे माझे.

इंग्रजी आपल्या दोघांनाही येत नव्हतं. चंद्रावरच्या तळावर हा एकटा शिपाई का उरलाय, बाकीची माणसं कुठं गेली, अंगावर धावून येणारी ही जनावरं कुठून आली, ते सगळं पडद्यावर लिहून यायचं आणि आपण बटण दाबून पुढं जायचो. तुम्ही तुमची गोष्ट लावून घेतली होती. "याचा रिलीव्हर आला नाई, म्हणून थो अजून ड्युटीवर हाय." मला ती इतकी पटली होती की काल पहिल्यांदा तो इंग्रजी मजकूर सबंध वाचला तेव्हा राग आला. काहीतरी प्रयोग, काहीतरी दुसऱ्या जगाचं दार, असलं काहीतरी आहे. तुमची गोष्ट बरी होती.

आणि प्रत्येक दारापाशी तुम्ही थांबायचात. दार उघडलं तरी पाय टाकायचा नाही. "आधी वर पाह्य." मी माऊस वर नेऊन छत दाखवायची. छताला बहुतेक वेळा काहीच नसायचं आणि मी कंटाळायची. एकदा न पाहताच घाईत काही नाही म्हणाले. तुम्हाला ते कळलं, कारण पडदा हललाच नव्हता. तुम्ही बटणांवरून हात काढून घेतला. आवाज चढवला नाही. "न पाहता नाई म्हणू नोको, पोरी," इतकंच म्हणालात आणि मी छत पाहीपर्यंत हात परत ठेवला नाहीत. माझ्या आयुष्यात तुम्ही मला फार वेळा रागावला नाहीत. हे रागावणं तेवढं लख्ख आठवतं, आणि आता वर्गात मुलं घाईनं उत्तर देतात तेव्हा ते माझ्या तोंडून बाहेर येतं.

मग ती खोली. लांबोडकी, दिवे मधूनच जाणारी, आणि तिचं छत खाली यायचं. जमिनीला टेकायचं, थांबायचं, पुन्हा वर जायचं. ते वर जायला लागलं की पळायचं आणि पलीकडचं दार गाठायचं. छत मला दिसायचं आणि पाय तुमच्याकडे, म्हणून मी "आता" म्हणायचं आणि तुम्ही बटण दाबायचं असं ठरलं होतं. माझं "आता" लवकर निघायचं नाहीतर तुमचं बोट उशिरा पडायचं. कितीदा चेंगरलो तिथं! तुम्हाला भारी हसू यायचं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचात आणि आई स्वयंपाकघरातून, पिठाचे हात तसेच घेऊन, दारात येऊन आपल्याकडे पाहून जायची. ती खोली आपण पार केली नव्हती. रविवारी करू, असं चाललं होतं.

त्या आठवड्यात खाणीत छत बसलं. शेजारच्या क्वार्टरमधले काका त्याखाली गेले. तुम्ही त्यांच्याच सोबत कामाला होता, पाणी प्यायला म्हणून थोडे मागं आला होता. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही, आईनं शेजारच्या काकूला धरून बसल्या बसल्या कुणाला तरी सांगितलं ते मी ऐकलं. तुम्ही घरी आलात तेव्हा तोंड धुतलेलं नव्हतं. अंगणातल्या दगडावर बसलात. आई बादलीनं पाणी घालत होती आणि तुम्ही हात हलवत नव्हता, लहान मुलासारखे बसून होता. मी दारातून पाहत आहे आणि काळं पाणी नालीकडे चाललं आहे.

काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी तुम्हीच म्हणालात, "लाव तुहा थो गेम." शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज बंद केला. तुम्ही स्टूल ओढलं. आपण होतो तिथूनच सुरू झालं, म्हणजे त्या खोलीच्या दारापासून. तुम्ही वर पाहायला सांगितलं नाही. मीच पाहिलं. छत खाली आलं, टेकलं, वर जाऊ लागलं. मी "आता" म्हटलं. तुमचं बोट बटणावर होतं, पण ते दाबलं जात नव्हतं. मला वाटलं लक्ष नाही. छत पुन्हा आलं, पुन्हा वर गेलं. "आता, बाबा." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पडद्याकडे पाहत होता आणि कपाळावर घाम होता. मग हात उचलून मांडीवर ठेवलात.

"तूच चालव आता दोन्ही," तुम्ही म्हणालात. "मले नाई जमत हे."

आणि उठून बाहेर नळावर पाणी भरायला गेलात, ते काम आईचं होतं तरी. मी एकटीनं करून पाहिलं, दोन हातांचा मेळ बसेना, भिंतीवर आपटत राहिले आणि मशीन बंद केलं. मला वाटलं तुम्हाला गेमचा कंटाळा आला. खरंच तेवढंच वाटलं. सोमवारी तुम्ही डबा घेतला, टोपी घेतली आणि फर्स्ट शिफ्टला गेलात. त्यानंतर रिटायर होईपर्यंत जात राहिलात. कॉम्प्युटर बिघडला, भंगारात गेला. पुढं तुम्ही गेलात तेही खाणीमुळे नाही, दवाखान्यात, पांढऱ्या छताखाली, पंख्याकडे पाहत.

काकांनी "कदी भेला नाई" म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते बोट आलं. तेव्हापासून ही तगमग आहे. जमिनीखाली जायला नाही म्हणायची तुम्हाला सोय नव्हती. घरात, त्या स्टुलावर बसून, माझ्यासमोर, ती सोय होती, आणि तुम्ही ती एकदाच वापरलीत. मी तिथं होते आणि मला काही कळलं नाही. सातवीतल्या पोरीला काय कळणार, असं मी स्वतःला सांगते आणि पुन्हा उठून कूलरमधलं पाणी पाहते. रोज सकाळी डबा उचलताना तेच बोट तसंच अडत होतं का? कुणाला सांगत होता का? आईला फोन करून विचारावं असं दोनदा वाटलं. ती आता भावाकडे असते, तुमच्या आठवणी काढल्या की हसते, आणि तिच्याजवळ तुम्ही न भिणारे आहात. ते मला मोडायचं नाही.

तुमच्या जावयाला, ज्याला तुम्ही पाहिलं नाही, काल हाक मारली. बस म्हटलं, तू फक्त चाल, बाकी मी पाहते. तो भला माणूस आहे, बसला. मी "आता" म्हणायच्या आधीच पळायचा. वर पाहायला न थांबता दारं उघडायचा. थोड्या वेळानं मीच त्याला चहा करायला उठवलं. मग दोन्ही हात शिकले. डावा हात चालायचा, उजवा पाहायचा. आज दुपारी त्या खोलीपाशी पोचले.

दुसऱ्याच खेपेला पार झाली, बाबा. काहीच अवघड नव्हतं. पलीकडे तशीच एक वाट आहे, हिरव्या दिव्यांची. मी परत फिरले. त्या खोलीच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहिले, हात बटणांवरून काढून मांडीवर घेतले, आणि छत खाली येताना पाहत राहिले. तुम्हाला जे झालं ते मला व्हावं म्हणून. छत आलं, पडदा लाल झाला, खेळ पुन्हा दारापासून सुरू झाला. मी पुन्हा गेले. आवाज बंद करून गेले, खिडकीचा पडदा ओढून गेले. मला भीती वाटली नाही. कूलर घरघरत होता, खालच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली, आणि मी सुखरूप खुर्चीत बसून होते.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणूनच इतकं लिहिलं. एकच सांगायचं राहिलं. संध्याकाळी तुमच्या जावयानं विचारलं, झाली का ती खोली पार? मी म्हटलं, नाही, अजून तिथंच अडकले आहे. तो म्हणाला, उद्या होईल. उद्याही मी नाहीच म्हणणार आहे.