पंजा की एक बोट

चिरंजीव लेकास,

आईचा आशीर्वाद आधीच पोचला असेल, पत्र मागाहून येतंय. तुझा खोकला कसा आहे? माझे गुडघे आहेत तिथेच आहेत.

मी सांगते आणि तुझी लेक भिंगरी लिहिते. (पेन मधेच अडखळलं, तर सांगितलेलं तिला पटलेलं नाही असं समज.) महिनाभर तिची डावी नडगी दुखते आहे आणि पुढच्या रविवारी निवडीची शर्यत, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी प्रश्नांचा भडिमार केला: पळताना दुखतं की नंतर, थांबल्यावर थांबतं का, मुंग्या येतात का, बूट कधी बदलले. (तुझ्या सासऱ्यांनी एवढी चौकशी केली असती, तर तू अजून बिनलग्नाचा असतास.) मग सरकत्या पट्ट्यावर पळवलं. ती कुठे पोचेना, दमले मात्र मी. एक्स-रेत हाड स्वच्छ, तरी बाईंचं समाधान नाही. म्हणाल्या, बारीक चीर सुरुवातीला त्यात दिसतच नाही. कुठे दुखतं ते हाताने दाखव. नडगीभर पंजा फिरवला तर हाडालगतची सूज, पळणं कमी करून भागतं. एका बोटाने एकच जागा दाखवली तर चिरेचा संशय. मग एमआरआय आणि दोन महिने पळणं बंद. तशीच पळाली तर हाड मोडायचं. भिंगरीने पंजा फिरवला. मी पिशवी आवरली.

तेव्हा शर्यतीसाठीच्या सोबतच्या संमतीच्या कागदावर सही करून लगेच पाठव.

तुझी आई

ता. क. हे अक्षर खालच्या शिंपीदादांचं. भिंगरी सरावाला गेली आहे. तिच्या हातून तिला रुचेल तेवढंच लिहून घेतलं. बाईंकडे आत जाण्याआधी बाकावर सोबत आलेली मैत्रीण तिला पढवत होती, "पंजाच दाखव हं, बोट दाखवलंस तर बसशील घरी." (मला वाचता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं पोरींना वाटतं.) मी रोज तिच्या पायाला तेल लावते. नडगीवर वाटाण्याएवढी एक जागा आहे, तिथे बोट पडलं की पाय ओढून घेते आणि गुदगुल्या झाल्या म्हणते. सही करू नकोस. बाईंना फोन कर. वाईटपणा तू घे, मला तिच्याबरोबर एका घरात राहायचं आहे. पाकीट टपालात मी टाकतो, असं शिंपीदादा म्हणतात. मी म्हटलं, भिंगरीच टाकेल, तुम्ही डिंक जरा कमी लावा.

ता. क. २. बाबा, एकच बोट. पण जागा वाटाण्याएवढी नाही, मसुराएवढी आहे. संमतीचा कागद मी काढून घेतला आहे. बाईंना फोन करा, आजी बरोबर आली तरच मी जाईन. तिला यातलं काही सांगू नका. डिंक पुरला असं वाटू दे.