कुळाच्या देवाचं नाव

माय, लातूरहून तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय. मेसचं वरण पातळ असतं, पण पोट भरतं. तुझा गुडघा कसा हाय?

माझ्या जातीच्या दाखल्यासाठी, आपण खरंच आंध आदिवासी हाव का, हे तपासायला साहेब लोक घरी येणार हायत. कुळाच्या देवाचं नाव विचारतील. परक्यापुढं ते घेतलं तर देव घर सोडतो, म्हणून दादाच्या वेळी बापू गप्प बसले अन् त्याचा दाखला नामंजूर झाला.

काल साहेबांनी मला इथं बोलावून तेच विचारलं. मी नाव सांगून टाकलं, माय. आता तू गप्प बसलीस तर मी खोटी ठरीन.

रागावू नको. देवापुढचा दिवा नीट जळून राहिला का, तेवढं लगेच कळव.

तुझी लेक,
जिजा