धूर बंद करा

३ मार्च
पुन्हा तेच! पुढच्या लढाऊ जहाजावरून दिव्याची लुकलुक — 'शेवटच्या जहाजानं धूर बंद करावा.' शेवटचं जहाज म्हणजे आम्ही, आणि धूर म्हणजे मी. आज तिसऱ्यांदा! आमचा धूर वीस मैलांवरून दिसतो म्हणे, आणि पाणबुडीला तेवढंच हवं असतं. कप्तानांनी खाली निरोप धाडला: "आणखी एकदा झालं, तर ताफ्यातून बाहेर काढतील." काढा! आधी इथं येऊन भट्टी पेटवून बघा म्हणावं. हा कोळसा आहे की कुंडीतली माती? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील, पण इथं अंगण खरंच वाकडं आहे.

४ मार्च
शेजारच्या रांगेत दादाचं जहाज. नवंकोरं, तेलावर चालणारं, धुराचं नाव नाही. त्यांच्या झेंडेवाल्यानं झेंडे हलवून आमच्या झेंडेवाल्याला कळवलं — "म्हातारीला म्हणावं, विडी सोड." दादाचीच अक्कल! सगळे खिदळले. मीही हसलो, मग चिडलो.
निघण्याआधी त्यानं माझ्यासाठी त्याच्या जहाजावर जागा बघितली होती. मी नको म्हटलं. "हट्टापायी मरशील," म्हणाला. "मरेन तर माझ्या भट्टीपाशी मरेन," म्हटलं. आई असती तर दोघांच्याही पाठीत धपाटा बसला असता.
आता एकच उपाय. फावडं भरून नाही, मूठमूठ कोळसा. पातळ पसरायचा, पुन्हा पुन्हा, उसंत न घेता. हात मोडले तरी चालतील. बाहेर काढू देणार नाही.

५ मार्च
दिवसभर धूर नाही. बघा म्हणावं! फोडांनी पेन्सिल धरवत नाही.

६ मार्च
दुपारी आमच्या पुढचं धान्याचं जहाज पाणबुडीनं बुडवलं. खाली आम्हाला काही दिसत नाही — पत्र्यावर घण बसावा तसा आवाज, बस्स. कुणी थांबायचं नाही असा नियम. माणसं पाण्यात असली तरी!
वरून इंजिनियरसाहेबांची आरोळी: "वाफ! वाफ वाढव!" आणि माझं डोकं फिरलं. शिव्या देत फावड्यामागून फावडं लोटलं. भट्टी गुदमरली. धुराड्यातून काळा लोट — अर्धं आभाळ भरलं म्हणे. एकवीस वर्षं भट्टीवर काढलेला मी, आणि चूक केली नवख्याची!
तासाभरात निरोप आला. 'उद्या सकाळी रांग सोडा. एकटे या.'

७ मार्च
रांग सोडली. ताफा पुढे गेला. क्षणभर वर आलो, तर दादा त्याच्या जहाजाच्या मागच्या कठड्याशी उभा होता. नुसता हात वर. मला रडू आलं. लिहायला लाज कसली?
कप्तान पहिल्यांदाच भट्टीपाशी उतरले. माझ्यामुळे आमच्या जहाजावरची एकोणचाळीस माणसं उघड्यावर पडलेली — वाटलं, आता कानाखाली बसणार. पण विचारलं, "पोहोचवशील?"
"अडवायची कुणाच्या बापाची टाप आहे, साहेब!" म्हटलं आणि भट्टीकडे वळलो.

९ मार्च
मूठमूठ कोळसा. धूर नाही. या पाणबुड्यांनो, शोधा!

११ मार्च
समुद्र रिकामा. गोगलगायीसारखे चाललोय, पण चाललोय. दादा परवाच पोहोचला असेल, धक्क्यावर पाय पसरून बसला असेल. त्याला काय ऐकवायचं ते पाठ करतोय. पहिलं वाक्य ठरलं: "म्हातारी आली बघ, विडी न ओढता!" नंतर माफीही मागेन. पण नंतर.

१३ मार्च
पोहोचलो! एकोणचाळीसच्या एकोणचाळीस.
धक्क्यावर ताफ्यातलं एकही जहाज नाही. बंदराच्या अधिकाऱ्यानं यादीवर बोट ठेवलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा यादीकडे.
"बाकीची कुठं आहेत?" त्यानं आम्हालाच विचारलं.