दादीचं लाडाचं नाव

बुरैदा, शुक्रवार, ११ नोव्हेंबर २०२२

प्रिय मुनाफ,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले आणि एकालाही उत्तर दिलं नाही, याची आधी माफी मागते. "आपा, आहेस की खलास?" हे परवाचं ऐकून माझी झोया हसली. मला हसू आलं नाही. फोन उचलला असता तर तू मला बोलू दिलं नसतंस, आणि मी नेहमीसारखी 'बरं बाबा' म्हणून सुटले असते. म्हणून इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहितेय.

इकडचं म्हणशील तर ऑफिसात तुझ्या मेहुण्यांच्या, नबीलच्या जागेवर सौदी मुलगा आला आहे. मुलगा चांगला आहे, रोज यांच्याकडून हिशेब शिकून घेतो आणि निघताना 'शुक्रन अंकल' म्हणतो. त्याचं शिकून झालं की यांचं काम संपेल. माझी शाळेतली नोकरी यांच्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, म्हणजे तीही गेल्यातच जमा. तुझं जेद्दातलं, शराफिया बाजारातलं मोबाइलचं दुकान बंद झालं तेव्हा मी तुला लांबून धीर दिला होता. तो किती पोकळ होता ते आता कळतंय. दुसऱ्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसून तू दिवस काढतोस आणि उमैरची बारावी तोंडावर आली आहे. अशात कुणीतरी तुला सांगितलं की बापाची आई इंग्लंडात जन्मली असेल तर नातवंडांना तिथला कामाचा व्हिसा मिळतो. आणि आपल्याकडे तर दादी होती!

तू म्हणालास, "आपा, तू इतिहासात बीए. शोध." मी शोधायला बसले आणि खरं सांगते, फार वर्षांनी मन कशात तरी रमलं. दादीचे वडील, दाभोळचे अहमद मुकादम, बोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे होते आणि साउथ शील्ड्स बंदरात त्यांनी जेन नावाच्या मुलीशी लग्न केलं, एवढंच अब्बांकडून ऐकलेलं. तिथल्या एका चर्चची जुनी नोंदवही आता घरबसल्या पाहता येते. १९१८ च्या बाप्तिस्म्यांमध्ये मला 'मेरी मॅकॅडम' सापडली. आई जेन, बाप अहमद, धंदा फायरमन. पाद्र्याने मुकादमचं मॅकॅडम करून टाकलेलं. तू फोनवर ओरडलास, "अगं, दादी स्कॉटिश निघाली!" आणि मग, "फायरमन म्हणजे आग विझवायचा की लावायचा?" त्या दिवशी तू इतका हसलास, दुकान गेल्यापासून तसा हसला नव्हतास. मेरी म्हणजे मरियम, म्हणजे आपली दादी. तू तिचा जन्मदाखला मागवलास, तो आलाही. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला पुरं केल्याशिवाय राहवत नाही, तुला माहीत आहे. दादीला भाऊ-बहीण होते का, ते बघायला मी त्याच चर्चची दफनांची वही उघडली. १९१९ च्या फेब्रुवारीत तिथे मेरी मॅकॅडम आहे. पत्ता तोच. दुसरी कुणी असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. मग नुकतीच खुली झालेली १९२१ ची खानेसुमारी पाहिली. घरात अहमद आणि जेन, मूल नाही. त्याच वर्षी मुंबईला निघालेल्या बोटीच्या यादीत नवरा-बायको दोघंच. मेरी कुठेच नाही.

आपल्या घरात गेलेल्या मुलाचं नाव पुन्हा कुणाला ठेवत नाहीत, म्हणून हा विचार मला शिवलाच नाही. तिकडे ठेवायचे. त्या एकाच वहीत मला अशी कितीतरी घरं दिसली. आणि मुनाफ, दादीने तर आपल्याला सांगितलं होतं. तिची आई तिला लाडाने 'सेकंड' म्हणायची. आठवतं? आपल्याला वाटलं घड्याळातला सेकंद. दादी लगबगीची, म्हणून दादी सेकंड आणि दादा मिनिट, असं आपण चिडवायचो आणि तीही हसायची. सेकंड म्हणजे दुसरी. दादी दाभोळलाच जन्मली. तिलाही त्या नावाचा अर्थ माहीत नसावा.

नबीलना सांगितलं तर म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या पोरीने तुझं काय बिघडवलंय?" झोया म्हणाली, "मम्मा, नोबडी विल चेक." बरोबर आहे, कुणी बघणार नाही. माझ्यासुद्धा कामी येईल असा तो व्हिसा आहे. मग मला काय होतंय? प्रामाणिकपणा, की आपलंच बरोबर ठरवायची जुनी खोड? रोज रात्री डायरीत लिहिते आणि रोज उत्तर बदलतं. तुझ्या जागी असते, उमैर माझा मुलगा असता, तर मी ती दुसरी वही उघडली असती का? तेही नक्की सांगता येत नाही.

अब्बा गेले, जुनं सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून तू ते शपथपत्र माझ्याकडे पाठवलंस. त्यात वाक्य एकच आहे: दाखल्यावरची मेरी हीच आमची आजी. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. मुनाफ, मी सही करणार नाही. दादीने मेलेल्या बहिणीचं नाव जन्मभर वागवलं. आता तिचा जन्मही त्या बहिणीच्या नावावर करायला माझा हात उठत नाही. तू चिडशील, कदाचित बोलणंही सोडशील, तो तुझा हक्क आहे. उमैरला मात्र मी अडवलं असं सांग, इंग्लंडने अडवलं असं नको. त्याच्या हातात ठेवायला माझ्याजवळ दुसरं काही नाही, आणि हे मला कधी विसरता येणार नाही.

तुझीच,
आपा

(डायरीत, त्याच रात्री) उद्या: या पत्रासोबत शपथपत्र सही न करता जेद्दाला कुरिअर करणे.